गिम्हेची फेरी : सिम्युलेटरमध्ये सर्कल-टू-लँड

दक्षिण कोरियातल्या बुसान शहराचा विमानतळ म्हणजे गिम्हे. त्याच्या दक्षिणेला समुद्र आहे, उत्तरेला डोंगर. आयएलएसच्या, म्हणजे उपकरणांनी उतरवणाऱ्या प्रणालीच्या, आधाराने उतरायचं ते समुद्राकडून, ३६ लेफ्ट या रनवेवर. पण दक्षिणेचा वारा जोरात सुटला की तिकडून उतरताना तो पाठीवर येतो आणि विमान थांबायला लांबच लांब रनवे लागतो. वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर तसं उतरताच येत नाही. मग त्याच आयएलएसवर ढगाखाली यायचं, रनवे दिसला की डावीकडे फुटायचं, विमानतळाच्या पश्चिमेने उत्तरेकडे जायचं आणि उजवीकडे अर्धं वर्तुळ वळून १८ राइटवर, म्हणजे त्याच पट्टीच्या दुसऱ्या टोकावर उतरायचं. याला सर्कल-टू-लँड म्हणतात. अर्धं काम उपकरणांवर, अर्धं नजरेवर, आणि दोन्हींचा सांधा जमिनीपासून काहीशे फुटांवर. घरच्या सिम्युलेटरवर शिकण्यासारखं याहून चांगलं उड्डाण मला माहीत नाही.

गिम्हेच निवडण्यामागे एक गंभीर कारण आहे. १५ एप्रिल २००२ रोजी एअर चायनाचं १२९ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७६७-२००, नेमकी हीच फेरी मारताना १८ राइटच्या उंबरठ्यापासून सुमारे ४.६ किलोमीटर उत्तरेला डोंगरावर आदळलं. विमानात १६६ जण होते, त्यांतले १२९ गेले. कोरियाच्या तपास अहवालाने सांगितलेली कारणं प्रत्येक सिम्युलेटर-वैमानिकाने वाचावीत अशी आहेत : बेसचं, म्हणजे रनवेकडे परतण्याचं, वळण घ्यायला उशीर झाला, विमान फेरीसाठी सुरक्षित मानलेल्या क्षेत्राबाहेर गेलं, आणि रनवे दिसेनासा झाल्यावरही गो-अराउंड केला गेला नाही. आदळण्याच्या काही सेकंद आधी सहवैमानिकाने वर जायला सुचवलं होतं. पुढची सगळी कृती या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

आधी थोडा सराव

सेसना १७२ वर पुरेसा हात बसला नसेल तर थेट गिम्हेला जाऊ नका. आपलं नागपूर यासाठी उत्तम आहे. १४-३२ असा ३,२०० मीटर लांबीचा रनवे आहे आणि आजूबाजूला अंगावर येणारे डोंगर नाहीत. ३२ च्या आयएलएसने खाली या, १४ वर फिरून उतरा. नव्वद नॉटच्या वेगात सगळं सावकाश घडतं आणि विचार करायला वेळ मिळतो. उंची पन्नास फुटांच्या आत धरून ठेवत रनवेकडे मान वळवून बघता आलं की पुढे जा.

गिम्हेसाठी मी ए३२० धरतो. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आणि एक्स-प्लेन या दोन्हींवर त्याची चांगली मॉडेलं मिळतात. सोबत लिटल नॅव्हमॅप हा फुकट मिळणारा नकाशा-प्रोग्रॅम उघडा ठेवा. त्याचा उपयोग पुढे येतो. चार्ट कोरियाच्या अधिकृत वैमानिकी प्रकाशनातून घ्या किंवा नॅव्हिग्राफमधून. हवामान स्वतः ठरवा : वारा १८० अंशांवरून १५ नॉट, ढगांचा तळ दोन हजार फूट, दृश्यमानता आठ किलोमीटर. पहिल्याच दिवशी सिम्युलेटरचं थेट हवामान लावलं तर काय चुकलं हे कळायला मार्ग उरत नाही. सिम्युलेटरच्या आपल्या एटीसीकडूनही या फेरीत फारशी अपेक्षा ठेवू नका. ते बंद ठेवा, किंवा हात बसल्यावर वॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर खरा माणूस कंट्रोलला असताना परवानगी मागा.

जागा कुठून बसून बघायची हे आधी ठरवा. या फेरीत रनवे सगळा वेळ उजव्या हाताला असतो. कॅप्टनच्या, म्हणजे डाव्या खुर्चीतून तो नीट दिसत नाही. मधे सहवैमानिकाची खुर्ची, खिडक्यांच्या चौकटी आणि विमानाचं नाक येतं. सिम्युलेटरमध्ये कॅमेरा सरळ उजव्या खुर्चीवर न्या. मान वळवायला जॉयस्टिकच्या हॅट स्विचवर तीन दृश्यं बांधून घ्या : समोर, उजवीकडे पंचेचाळीस अंश, उजवीकडे नव्वद अंश. ट्रॅकआयआर किंवा व्हीआर असेल तर फारच छान. माउसने दृश्य ओढत फेरी मारणं जमत नाही, कारण तेवढ्यात विमान दोनशे मीटर पुढे गेलेलं असतं.

चार्टवर काय बघायचं

सर्कलिंगच्या रकान्यात विमानाच्या श्रेणीप्रमाणे किमान उंची आणि दृश्यमानता दिलेली असते. श्रेणी ठरते उतरण्याच्या वेगावरून : ९१ नॉटच्या खाली ए, १२० पर्यंत बी, १२१ ते १४० सी, त्यावर १६५ पर्यंत डी. ए३२० सी मध्ये बसतं. ती किमान उंची म्हणजे एमडीए. तिच्या खाली, रनवेच्या दिशेने नीट उतरता येईल अशा जागी पोचेपर्यंत, एक फूटही जायचं नाही. आयएलएसची निर्णय-उंची इथे लागू नाही. चार्टवर ती खूप खाली दिसते आणि नजर सवयीने तिच्याकडेच जाते.

याहून महत्त्वाचा, आणि सिम्युलेटरवाल्यांनी जवळपास न पाहिलेला भाग म्हणजे त्या एमडीएमागचं क्षेत्र. रनवेच्या टोकांभोवती ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ काढतात आणि त्याच्या आतल्या अडथळ्यांपासूनच एमडीए तुम्हाला वाचवतो. आंतरराष्ट्रीय पॅन्स-ऑप्स पद्धतीत सी श्रेणीसाठी ही त्रिज्या ४.२ नॉटिकल मैल आहे. अमेरिकेच्या जुन्या टर्प्स पद्धतीत ती फक्त १.७ नॉटिकल मैल होती, म्हणजे ३.१५ किलोमीटर. चार्ट कोणत्या पद्धतीने काढला आहे हे पाहण्याची सवय लावा. सरावासाठी मात्र नेहमी लहान वर्तुळ धरा. लिटल नॅव्हमॅपमध्ये १८ राइटच्या उंबरठ्याभोवती १.७ मैलांचं वर्तुळ काढा आणि उत्तरेच्या डोंगरावर एक खूण करा. विमानाची वाट त्या नकाशावर आपोआप उमटत जाते. उतरल्यावर ती वाट वर्तुळाच्या आत आहे का, हे बघणं म्हणजे त्या दिवसाचा निकाल.

वेगाचा हिशेब

१४० नॉटला २५ अंश बँक केली तर वळणाची त्रिज्या सुमारे १.१३ किलोमीटर येते, म्हणजे अर्धं वर्तुळ वळायला २.३ किलोमीटर रुंदी लागते. १६० नॉटला तेच वळण जवळपास तीन किलोमीटर खातं. वेग सातव्या भागाने वाढला आणि रुंदी तिसऱ्या भागाने, कारण त्रिज्या वेगाच्या वर्गाबरोबर वाढते. या फेरीत वेग म्हणजेच जागा.

आता रनवेपासून बाजूला किती जायचं ते पाहा. पद्धत अशी की ४५ अंश डावीकडे वळायचं, पंख सरळ झाल्यावर ३० सेकंद जायचं, मग पुन्हा रनवेला समांतर व्हायचं. १४० नॉटला यातून सुमारे २.२ किलोमीटर अंतर पडतं, म्हणजे वळायला लागणाऱ्या रुंदीशी ते जवळजवळ जुळतं. तीस सेकंदांचा नियम एवढ्यासाठी आहे. १६० नॉटने गेलात तर अंतर २.६ पडतं आणि लागतं तीन. साडेतीनशे मीटर कमी पडतात आणि शेवटी विमान रनवेची रेष ओलांडून पलीकडे जातं. वारा रनवेच्या रेषेतच असेल तर हा आकडा बदलत नाही. आडवा वारा असेल तर तो तुम्हाला रनवेकडे ढकलतोय की दूर नेतोय, हे उड्डाणाआधी कागदावर काढून ठेवा आणि तीस सेकंदांत चार-पाच सेकंदांची भर किंवा वजावट करा.

खाली येणं

दहा-बारा मैलांवर असतानाच ब्रीफिंग पूर्ण करा, आणि ते मोठ्याने बोला. एकट्याच्या खोलीतही बोला. अप्रोच कोणता, एमडीए किती, कोणत्या बाजूला फुटणार, रनवे दिसेनासा झाला तर कुठे वळून किती उंचीवर जाणार. शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. २००२ च्या त्या विमानात अप्रोचच्या ब्रीफिंगमध्ये मिस्ड अप्रोचची उजळणी झाली नव्हती, याची अहवालाने स्वतंत्र नोंद केली आहे.

फ्लाइट प्लॅनमध्ये ३६ लेफ्टचा आयएलएस भरा. दुय्यम प्लॅनमध्ये त्याचीच प्रत घेऊन उतरण्याचा रनवे १८ राइट करून ठेवा. डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उत्तरेकडे जाताना, तो सक्रिय करता येतो, म्हणजे नकाशाच्या पडद्यावर योग्य रनवे दिसतो. तो पडदा बाहेरच्या नजरेला आधार म्हणून आहे. तो बघून फेरी उडवायची नाही. स्थानिक दाब उंचीमापकात घातला का ते दोनदा तपासा.

लोकलायझर पकडण्याआधीच फ्लॅप ३, गिअर खाली, आणि वेग पडद्यावरच्या एफ खुणेवर. साधारण वजनाला तो १४० च्या आसपास असतो. पूर्ण फ्लॅप आता नाही. तो अंतिम वळणासाठी राखून ठेवायचा, नाहीतर सपाट उडताना इंजिनांना उगाच ओढावं लागतं आणि वर जायची वेळ आली तर विमान जड वाटतं. विमान ट्रॅक-एफपीए पद्धतीवर टाका. ग्लाइडस्लोप पकडू देऊ नका. फक्त लोकलायझर पकडा आणि उतरण्यासाठी उणे तीन अंशांचा कोन द्या. ग्लाइडस्लोपला तुमचा एमडीए माहीत नसतो, तो विमान रनवेवरच नेणार. उंचीच्या खिडकीत एमडीए न घालता मिस्ड अप्रोचची उंची घालून ठेवा.

एमडीएच्या शंभर फूट वर असताना उभ्या वेगाची कळ दाबून विमान सपाट करा. एमडीए ओलांडून मग वर येणं चालत नाही. थोडं वर राहिलात तरी चालेल. आता बाहेर बघा. समोर ३६ लेफ्टचा रनवे स्पष्ट दिसला पाहिजे. अंधूक दिव्यांवरून अंदाज बांधू नका. दिसला नाही तर सपाट उडत मिस्ड अप्रोचच्या बिंदूपर्यंत जायचं आणि तिथून वर. दिसला तरच पुढचं.

फेरी

हेडिंग ४५ अंश डावीकडे, म्हणजे साधारण ३१५. पंख सरळ होताच घड्याळ चालू. या तीस सेकंदांत तीनच गोष्टींवर नजर फिरवा : उंची, वेग, उजवीकडचा रनवे. पुन्हा उंची, वेग, रनवे. ऑटोपायलट चालू ठेवा. इथे तो खरा मदतनीस आहे, कारण उंची तो धरतो आणि तुमची नजर मोकळी होते. तीस सेकंद झाले की हेडिंग ३६०. आता तुम्ही डाउनविंडवर, रनवे उजव्या खिडकीत. तो खिडकीच्या फार खाली दिसत असेल तर जवळ आहात, वर सरकलेला दिसत असेल तर दूर. दोन-चार फेऱ्यांत ही जागा डोळ्याला कळू लागते आणि मग आकड्यांची गरज कमी होते.

१८ राइटचा उंबरठा उजव्या खांद्याशी आला की पुन्हा घड्याळ. एअरबसचा नियम असा : रनवेपासूनच्या दर शंभर फूट उंचीला तीन सेकंद. उंची सातशे फूट असेल तर एकवीस सेकंद. पण हा आकडा शांत हवेचा आहे, आणि इथे वारा पाठीमागून आहे. १५ नॉटच्या वाऱ्यात मी सतरा सेकंद धरतो. याचा हिशेब सविस्तर मांडतो, कारण गिम्हेचं सगळं रहस्य त्यात आहे.

जमिनीवरचा वेग १५५ नॉट, म्हणजे सेकंदाला ऐंशी मीटर. सतरा सेकंदांत विमान उंबरठ्याच्या १,३५० मीटर उत्तरेला जातं. अर्धं वर्तुळ पूर्ण व्हायला पन्नास सेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात वारा विमानाला जवळपास चारशे मीटर उत्तरेलाच ढकलतो. वळणाची त्रिज्या धरून फेरीचं उत्तर टोक उंबरठ्यापासून सुमारे २.७ किलोमीटरवर येतं. ते लहान वर्तुळाच्या आतच राहतं. तिथून अपघाताच्या जागेपर्यंतचं अंतर उरतं १.९ किलोमीटर. सेकंदाला ऐंशी मीटर या वेगाने ते चोवीस सेकंदांत संपतं. म्हणजे वळण सुरू करायला झालेला चोवीस सेकंदांचा उशीर तुम्हाला त्या डोंगरापाशी नेतो. एक रेडिओ-कॉल, एक चेकलिस्ट आणि 'रनवे कुठे गेला?' असं एक वाक्य यांतच तेवढा वेळ जातो. वाऱ्याची दिशाही अशी, की ज्या दिवशी ही फेरी मारावी लागते त्याच दिवशी तो तुम्हाला डोंगराकडे ढकलत असतो.

म्हणून घड्याळ संपताच वळा. रनवे थोडा जवळ वाटला तरी वळा. उजवीकडे, २५ अंश बँक. आता ऑटोपायलट सोडा, फ्लाइट डायरेक्टर बंद करा. ते अजून जुन्याच दिशेच्या हिशेबात असतात आणि त्यांच्या रेषा डोळ्याला चुकीकडे ओढतात. पूर्ण फ्लॅप द्या, वेग अप्रोचच्या वेगावर येऊ द्या, लँडिंग चेकलिस्ट संपवा. वळणाच्या पहिल्या अर्ध्या भागात उंची सोडू नका. रनवे नजरेत पक्का असेल आणि इथून सरळ उतरता येईल अशी खात्री पटली की दुसऱ्या अर्ध्यात हळूहळू खाली या. रेषेवर येताना उंची साडेतीनशे फुटांच्या आसपास हवी, पापी या रनवेजवळच्या उताराच्या दिव्यांपैकी दोन पांढरे, दोन लाल. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या निकषांप्रमाणे सर्कलिंगमध्ये विमानतळाच्या ३०० फूट वर असताना पंख सरळ झालेले असले पाहिजेत. तिथे अजून वळतच असाल तर हे उतरणं संपलं, वर जा. बँक तीस-पस्तीस अंशांवर नेऊन रेष गाठायचा मोह फार होतो. कमी उंचीवर, कमी वेगात तो मोह जीवघेणा आहे, आणि सिम्युलेटरमध्ये एकदा तो यशस्वी झाला की हाताला कायमची वाईट खोड लागते.

वर जाणं

रनवे ढगाआड गेला, पावसाच्या सरीत हरवला, किंवा तो कुठे आहे हे तुम्हाला क्षणभर सांगता आलं नाही, तर वर. बँकमुळे पंख किंवा विमानाचं नाक मधे आलं तर तेवढी सूट अमेरिकेच्या नियमांतही आहे. त्याखेरीज सूट नाही.

वर कसं जायचं? पूर्ण शक्ती, नाक वर, फ्लॅप एक टप्पा आत, चढ दिसताच गिअर वर, आणि त्याच वेळी रनवेच्या दिशेने वळत राहायचं. इथे ते वळण उजवीकडे. रनवेच्या वर आलात की मोकळी हवा आहे हे पक्कं माहीत असतं. तिथून चढत-चढत ३६ लेफ्टच्या आयएलएसच्या मिस्ड अप्रोचला लागायचं. कारण तुम्ही त्या अप्रोचने आत आला आहात; १८ राइटचा मिस्ड अप्रोच तुमच्यासाठी नाही. सरळ उत्तरेकडे चढणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि गिम्हेला तेच करायचं नाही.

माझा आग्रह असा की पहिल्या दिवशी उतरूच नका. पहिल्या फेरीत डाउनविंडवरून वर जा, दुसऱ्यात बेसच्या वळणाच्या मध्यावरून, तिसऱ्यात साडेतीनशे फुटांवरून. तिन्ही ठिकाणांहून हात न अडखळता वर जायला लागले की मगच चाकं टेकवा. मग ढगांचा तळ शंभर-शंभर फुटांनी खाली आणा, वारा थोडा पश्चिमेकडे वळवा, शेवटी एक सर डोंगरावर सोडा. प्रत्येक उड्डाणानंतर नकाशावरची वाट बघा आणि उत्तर टोक कुठे पडलं ते वहीत लिहा.

रात्री हे करू नका. डोंगर काळा, आकाश काळं, आणि सिम्युलेटरचे रनवे-दिवे खऱ्यापेक्षा जास्त ठळक दिसतात, त्यामुळे जमतंय असं वाटतं ते फसवं असतं. खऱ्या जगातल्या अनेक एअरलाइन वैमानिकांच्या अमेरिकी परवान्यावर सर्कलिंग फक्त चांगल्या हवामानात, म्हणजे किमान १,००० फूट ढग आणि तीन मैल दृश्यमानता असतानाच करायची, अशी अट असते. घरी सराव करतानाही सुरुवातीचे काही आठवडे हीच अट स्वतःला घालून घ्या.